मिठाने तोललेली झोळी

परवा कोणीतरी माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे मासे धरायचं जाळं इथे कशाला टांगलंय?" जैनाच्या घरात मासे धरायचं जाळं! मित्रांनो, मला असा संताप आला म्हणून सांगू! अहो, मी झोळी आहे. दोन झाडांना बांधायची, आत एक माणूस ऐसपैस आडवा होईल एवढी लांब, अंबाडीच्या वाखाची झोळी. आता वय झालं, रंग मातकट झाला, चार ठिकाणी ठिगळाच्या गाठी आल्या, हे मला मान्य आहे. पण बारा वर्षांपूर्वी शहाद्याच्या एका घरात पाच महिने माझ्यावरून बोलाचाली चालल्या होत्या, आणि शेवटी एका माणसाचा जीव माझ्या गळ्यापाशी येऊन ठेपला होता. ते सगळं मला दिसत होतं, आणि मला तोंड नव्हतं. आज बोलते आहे तर नीट ऐका.

माझा जन्म सातपुड्यातला. तोरणमाळचा घाट चढून पलीकडे उतरलं की नर्मदेच्या अंगाला एक पाडा लागतो. तिथल्या जान्या पावराने मला विणलं. त्याने अंबाडीच्या काड्या ओढ्यात कुजवल्या, साल सोलली, धुऊन वाळवली, आणि तो वाख मांडीवर वळून वळून त्याची सुतळी केली. मग अंगभर जाळी विणली. दोन्ही टोकांना जाळीच्या साऱ्या दोऱ्या एकत्र येतात, तिथे तीन पेडांचा जाड दोर वळला आणि वरून सुतळीचे घट्ट वेढे दिले. त्या जागेला जान्या माझा गळा म्हणायचा. झोळीचं पोट फाटलं तर माणूस ओरखडतो, गळा तुटला तर माणूस जातो, असं तो आपल्या बायकोला सांगत होता. तेव्हा मला त्याचं फार काही वाटलं नाही. नवी होते, अंगात पीळ होता, मला वाटायचं माझा गळा कोण तोडणार!

मला विणायला सांगितलं होतं शहाद्याच्या जवरीलालने. हा नथमलशेठांचा मुलगा, वय बावीस. शेठांचं किराण्याचं दुकान होतं. जान्या दर आठवड्याच्या बाजाराला डिंक आणि चारोळी घेऊन डोंगर उतरायचा आणि मीठ-मिरची घेऊन परत चढायचा. तराजूच्या अलीकडे जवरीलाल, पलीकडे जान्या, अशा दोघांच्या गप्पा चालत. त्यात एकदा बेटाचा विषय निघाला. नर्मदा एका ठिकाणी दोन धारांनी फुटते, मध्ये बेट आहे, त्यावर ना वस्ती, ना शेत, ना लाकूडतोड्या.

"तठे मानूस नही, शेठ," जान्या म्हणाला. "पाखरंच पाखरं शेतस."

झालं! त्या दिवसापासून जवरीलालच्या डोक्यातून ते बेट काही जाईना. जन्मापासून त्याने दुकान, घर आणि स्थानक, म्हणजे त्यांचं धर्मस्थान, याखेरीज काही पाहिलं नव्हतं. माघात त्याचं लग्न ठरलं होतं. त्याचा एक जिवलग मित्र होता, कळसाडीचा चुनीलाल, गुजरांच्या घरचा, कापूस आणि ऊस पिकवणारा, बोलायला मोकळाढाकळा. तो म्हणाला, "जवरी भो, एकदा लगीन व्हयनं का तू तराजूले बांधाई गया समज. जावानं व्हई तर आतेच." दोघांनी ठरवलं, लग्नाआधी चार रात्री त्या बेटावर काढायच्या.

आता घरात सांगायचं कसं? घरात होत्या बदामबाई, जवरीलालची आई. बाई धर्माच्या पक्क्या. पाणी गाळल्याशिवाय ओठाला लावायच्या नाहीत, सूर्य मावळला की अन्न बंद. हातात एक पुंजणी असायची, म्हणजे लोकरीचा मऊसूत कुंचा. बसायची जागा, चुलीचं लाकूड, कपड्याची घडी, सगळं आधी डोळ्यांनी बघायचं, पुंजणीने हळूच झाडायचं, एखादा किडा-मुंगी असेल तर बाजूला करायची आणि मगच वस्तू वापरायची. याला त्यांच्यात पडिलेहण म्हणतात. बदामबाई दिवसातून दोनदा घरातल्या चिंधीचंसुद्धा पडिलेहण करत. त्यांचा थोरला मुलगा तापाच्या साथीत गेला होता. जवरीलाल एकुलता उरला होता, हे लक्षात ठेवा.

त्या घरात आपसात मारवाडी चालायची, दुकानात अहिराणी. मी तुम्हाला बरंचसं तुमच्या शाळेच्या मराठीत सांगते आहे, नाहीतर तुम्ही अर्धंच समजायचात.

बेटाचं ऐकून बदामबाई एकदम म्हणाल्या, "जंगलात जमिनीवर झोपशील? गवतात किती जीव असतात! तुझ्या एका कुशीखाली किती मरतील, मोजलेस?"

खरी भीती वेगळीच होती, पण आयांना खरी भीती तोंडावर आणवत नाही. जवरीलालने ती सबब अक्षरशः धरली. जमिनीवर झोपायचं नाही ना? ठीक आहे, झोळीत झोपतो! जान्याला सांगून त्याने मला विणून घेतलं. श्रावणात मी शहाद्याला आले आणि ओसरीवर उलगडले गेले. बदामबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आपलीच सबब आपल्यावर उलटली हे त्यांना कळलं, आणि त्या चिडल्या.

"झोळी कसली? फास आहे हा फास," त्या म्हणाल्या. "या फासाला माझा हात लागणार नाही. थारी मरजी."

आणि खरंच लागला नाही. घरातल्या चिंधीचं पडिलेहण व्हायचं, माझं व्हायचं नाही. मी मनात म्हटलं, असू दे बाई, तुमचा राग तुमच्यापाशी. तेव्हा मलाही थोडा ताठा होता.

नथमलशेठ मात्र चिडले नाहीत. ते व्यापारी माणूस. बोलून भांडण्यापेक्षा तोलून बघावं, हा त्यांचा स्वभाव. मुलगा झोळीत झोपणार ना? मग झोळी तोलून घेऊ. दुकानामागच्या वखारीत आडव्या तुळईला त्यांनी मला टांगलं आणि हमालांकडून माझ्या पोटात खड्या मिठाची दोन मणांची गोणी ठेववली. जवरीलाल दीड मणापेक्षा जास्त भरायचा नाही. ते म्हणाले, "आठ दिन टांगी ठेव. नही तुटनी तर जाय."

गोणी मिठाचीच का? तर वखारीत तीच सगळ्यात जड आणि दाराशी हाताजवळ होती. आणि महिना कोणता? श्रावण! हवा ओली, भिंतींना ओल. मित्रांनो, ओल्या हवेत मिठाला पाझर फुटतो हे किराणा विकणाऱ्याला ठाऊक नसेल का? चांगलं ठाऊक होतं. पण ते मिठाचं नुकसान म्हणून ठाऊक होतं. पाझर खाली कुठे जातो हे कोण बघतं? तुळई एका बाजूला जरा उतरती होती, त्यामुळे गोणी सरकून तिचं तोंड माझ्या डाव्या गळ्यावर टेकलं होतं. पोटातलं खारं पाणी जमिनीवर ठिबकून गेलं, पण डाव्या गळ्यावर झिरपलेलं सुतळीच्या वेढ्यांखाली मुरून राहिलं. आठ दिवस मी ते पीत होते.

मी तुटले नाही. तुटले असते तर किती बरं झालं असतं! आठव्या दिवशी शेठांनी मला खाली घेतलं, शाबासकी दिली, "पक्का माल शे," म्हणाले. मी फुगले. मूर्ख मी!

पण लगेच निघायचं नव्हतं. नर्मदेला पूर, आणि चातुर्मासात या घरातलं कोणी लांबच्या वाटेला लागत नाही. कार्तिकी पौर्णिमा होऊ दे, मग मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या घोड्यांच्या जत्रेतून एक तट्टू घेऊ आणि निघू, असा बेत ठरला. तोवर मला वखारीत तेलाच्या डब्यांमागे सारलं. भाद्रपदात पर्युषण आलं. शेवटच्या दिवशी बदामबाईंनी घरादाराची, शेजाऱ्यांची, गाईची आणि मुलाचीसुद्धा हात जोडून क्षमा मागितली. माझ्याकडे मात्र वखारीच्या दारातून एकदा बघितलं आणि मान फिरवली.

आश्विनात उंदीर आले.

मेल्यांना वखारीत धान्य काय कमी होतं? पण धान्य रोजचंच, त्यांना मीठ हवं होतं. त्यांनी पोटाच्या जाळीला तोंड लावलं नाही. सरळ डाव्या गळ्यापाशी आले, वेढ्यांच्या फटीतून तोंड घातलं आणि आतून कुरतडायला लागले. वरचे वेढे तसेच राहिले. आत तीन पेडांतला एक गेला. चार दिवसांनी दुसरा गेला. तिसऱ्याचेही निम्मे धागे गेले, आणि कोणास ठाऊक का, पोट भरलं म्हणा, उंदीर यायचे थांबले. बाहेरून बघाल तर गळा धडधाकट. आत अर्ध्या पेडावर सगळा कारभार. माझं धाबं दणाणलं. मी ओरडायचा प्रयत्न केला हो, पण झोळी ओरडते म्हणजे काय करते? नुसती पडून राहते.

कार्तिकात दोघा मित्रांच्या बैठका सुरू झाल्या. चुनीलाल बैलगाडीतून यायचा आणि दोघे वखारीत गोण्यांवर बसून बेत करायचे. मी डब्यांमागून ऐकायची. काय काय न्यायचं? चार दिवसांचं सातू आणि गूळ, खाखरे, पाणी गाळायचं फडकं, पाणी उकळायला तपेली, दोन घोंगड्या. कंदील नको, त्यावर पाखरं येऊन मरतात, असं जवरीलाल म्हणाला. चुनीलालने कपाळाला हात लावला. "अंधारमा मगर कशी दखाई तुले?"

"मगर मला दिसली काय नि नाही काय! मी वर असेन ना."

तेव्हा मला बेत पुरता कळला आणि माझ्या दोऱ्या गार पडल्या. बेटाच्या वाळूच्या अंगाला मगरी ऊन खात पडतात. आतल्या गवतात साप. जान्याच्या सांगण्यावरून त्यांनी जागा ठरवली होती ती अशी: बेटाच्या खडकाळ टोकाला दोन जुनी जांभळं नदीवर वाकलेली आहेत, त्यांच्यामध्ये, पाण्याच्या दहा हात वर, झोळी टांगायची. वारा येतो, डास नाहीत, मगर तिथवर पोचत नाही. चुनीलाल शेतकऱ्याचा मुलगा, तो शेतात बांधतात तसा झाडात माळा बांधून त्यावर झोपणार. जान्या त्यांना होडग्याने बेटावर सोडून लगेच परत फिरणार, कारण त्याची तूर काढणीला आलेली, आणि चार रात्रींनी न्यायला येणार. आणि जांभळांच्या खाली काय? डोह. मगरींचा डोह. दहा हातांवरून माणूस त्यात पडला तर त्याला पोहता येत असलं तरी काय उपयोग? आणि जवरीलालला तर पोहताही येत नव्हतं.

म्हणजे उंदरांनी ठेवलेल्या अर्ध्या पेडावर हा पोरगा त्या डोहावर निजणार होता. मला एकच आशा होती, निघण्याआधी कोणीतरी मला बघेल. बघेल ना?

जवरीलालने बघितलं. एका दुपारी त्याने मला बाहेर काढलं, झटकलं, पोटाची जाळी दोन्ही हातांनी ओढून ओढून पाहिली. गळ्याकडे नजर टाकली, वेढे जागच्या जागी होते. "घट्ट आहे," म्हणाला. मग चुनीलाल म्हणाला, "चाल, एकदा टांगीसन झोपी तर दख." माझ्या जिवात जीव आला. ओसरीच्या तुळईला ते मला टांगायला लागले. जमीन दोन हात खाली. त्याने अंग टाकलं असतं तर मी तिथेच तुटले असते, त्याच्या कमरेला मुका मार बसला असता आणि सगळं निभावलं असतं. एक गाठ मारूनही झाली होती!

तेवढ्यात बदामबाई आतून आल्या. "माझ्या घरात फास टांगायचा नाही!" असा आवाज चढला की शेजारची माणसं डोकावली. "थोरल्याला याच ओसरीवरून नेलं. इथे टांगायचं नाही म्हणजे नाही!" आणि त्या पदरात तोंड घालून रडायला लागल्या. जवरीलालने मुकाट्याने गाठ सोडली.

नथमलशेठांनी समजूत घातली ती मुलाची. "अरे, दोन मण आठ दिन तोलेल शे. आते काय दखानं?" एकदा तोललेला माल शेठ पुन्हा तोलत नसत. त्यांच्या तराजूवर गिऱ्हाइकांचा विश्वास होता आणि त्यांचा स्वतःचा तर त्याहून जास्त होता. मी पुन्हा डब्यांमागे गेले. त्या दिवशी मला बदामबाईंचा फार राग आला, आज खोटं कशाला बोलू? बाई, तुमच्याच मुलासाठी मी तुटायला तयार होते आणि तुम्ही मला तुटू दिलं नाहीत.

सारंगखेड्याची जत्रा झाली. चुनीलालने एक ठेंगणं, शहाणं तट्टू आणलं. निघायची सकाळ उजाडली. जान्या आदल्या बाजाराला येऊन राहिला होता, तोच वाट दाखवणार होता. त्याला ओट्याच्या खाली बसवलं होतं, घरात येण्याची त्याला मुभा नव्हती, तेव्हाची रीतच तशी. जवरीलालने मला गुंडाळून दारात ठेवलं, वर सातू-गुळाचं गाठोडं ठेवलं.

"मन्ही झोळी दखाड बरं," जान्याने ओट्याखालून हाक मारली. आपल्या हाताचं काम होतं, त्याला बघावंसं वाटणारच. त्याचं बोट गळ्यावरून फिरलं असतं तर त्याला तिथल्या तिथे कळलं असतं.

"वाटमा दखाडस तुले," जवरीलाल घाईत म्हणाला. "उन वर येवाले लागनं." आणि वाटेत तो मला कशाला सोडतो? गाठोड्याच्या तळाशी मी, माझ्यावर घोंगड्या, त्यावर तपेली. बेटावर पोचून जान्या फिरला की मगच मी सुटणार होते.

बदामबाई आतल्या खोलीत सामायिकाला, म्हणजे घडीभराच्या ध्यानाला, बसल्या होत्या, भिंतीकडे तोंड करून. मुलगा पाया पडायला गेला तर त्यांनी मान वळवली नाही. तो उंबऱ्यावर डोकं टेकवून परत आला. त्याचे डोळे भरले होते, पण तोही त्यांचाच मुलगा, हट्टात कमी कसा असेल? तो तट्टूवर खोगीर बांधायला अंगणात गेला.

मी दारात पडले होते. मनात म्हणत होते, संपलं.

सामायिक सुटलं. बदामबाई उठून बाहेर आल्या. मुलगा गेला का बघायला आल्या असतील, दुसरं काय? माझ्यापाशी येऊन त्या थबकल्या. गाठोड्यातला गूळ जरा पाघळला होता आणि उंबऱ्याच्या फटीतून लाल मुंग्यांची रांग लागली होती. मुंग्या गाठोड्यावर होत्या, तिथून माझ्यात शिरत होत्या. दोऱ्यादोऱ्यांतून शेकडो.

बदामबाई उभ्या राहिल्या. मला हात लावायचा नाही असं त्या सगळ्यांसमोर बोलल्या होत्या. पण आता मला तसंच तट्टूवर आवळलं तर त्या मुंग्या सगळ्या चिरडणार. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले. अंगणातून चुनीलाल ओरडला, "काकी, गाठोडं द्या!"

"थांब," त्या म्हणाल्या. मग पुटपुटल्या, "मुंग्यांचा काय दोष?" आणि खाली बसल्या. कमरेची पुंजणी काढली, गाठोडं बाजूला ठेवलं आणि मला उलगडलं.

पाच महिन्यांनी तो हात मला लागला. हात कोरडा होता, आणि अतिशय हलका. एकेक दोरी उचलायची, डोळ्याजवळ न्यायची, पुंजणीने मुंगी खाली उतरवायची, पुढची दोरी. अंगणात दोघे मित्र चुळबुळत होते. "आई, उन्हं झाली!" जवरीलाल म्हणाला. पडिलेहण करताना त्या कधीच बोलत नसत. पोट झालं. उजवा गळा झाला. डावा आला. मुंग्या वेढ्यांच्या फटीतून आत जात होत्या, आणि बदामबाईंना आतली मुंगीसुद्धा सोडायची नव्हती. त्यांनी नखाने वेढा सैल केला. एक वेढा, दुसरा, तिसरा.

आणि पुंजणी अडकली.

त्यांनी वेढा पुरता उलगडला. दोन पेड तुटून त्यांचा भुसा झाला होता, तिसऱ्याचे चार-सहा धागे उरले होते. बदामबाईंनी दोन बोटांनी ते हलकेच ओढले. नुसते ओढले हो! टक्क करून गळा तुटला आणि त्यांच्या दोन हातांत माझे दोन तुकडे राहिले.

"जवरी," त्यांनी हाक मारली. आवाज इतका बारीक होता की आधी कोणाला ऐकूच गेला नाही. "जवरी, इकडे ये."

तो आला, बघितलं आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. जान्या रीतभात विसरून ओटा चढून वर आला. त्याने तुटकं टोक हातात घेतलं, वास घेतला, जिभेला लावलं. "खारी शे," तो म्हणाला. "हाईमा मीठ कोनी टाकं? उंदिरले मीठ भलतं आवडस."

नथमलशेठ दुकानातून धावत आले होते. सगळं ऐकून ते खांबाला टेकले. "मीच टांगी व्हती," एवढंच म्हणाले. ज्या माणसाला कधी कोणी तोलात चुकलेलं पाहिलं नव्हतं, तो आपल्या बायकोसमोर मान खाली घालून उभा होता.

जवरीलाल म्हणाला, "मी जात नाही. कुठेच जात नाही."

मला वाटलं, बाईंनी जिंकलं. पाच महिने त्यांना हेच ऐकायचं होतं. आता त्या म्हणतील, बघ, मी सांगत नव्हते? कोणीही आई म्हणाली असती, आणि चुकली असं कोणी म्हणालं नसतं.

बदामबाई माझा तुकडा हातात घेऊन बसल्या होत्या. त्या जान्याकडे बघून म्हणाल्या, "नवा गळा होईल?"

"वाख शे मन्हाकडे. पन पीळ देवाले दुसरं टोक धराले कोनीतरी लागस."

तीन पेडांचा दोर एकट्याला वळता येत नाही, मित्रांनो. एकाने पीळ द्यायचा आणि दुसऱ्याने टोक ताणून धरायचं. टोक जरा सैल पडलं की पीळ उलगडतो. चुनीलाल पुढे झाला, जवरीलालही उठला. बदामबाईंनी दोघांना हाताने थांबवलं. "मी धरते," त्या म्हणाल्या.

मग त्या ओसरीवर, जिथे त्यांनी मला टांगू दिलं नव्हतं, तिथे एका टोकाला जान्या पावरा बसला आणि दुसऱ्या टोकाला नथमलशेठांच्या बदामबाई बसल्या. शेजारपाजारची माणसं येऊन बघून गेली, नाकं मुरडून गेली. बाईंनी कोणाकडे पाहिलं नाही. त्या दिवशी त्यांचा उपास होता, पाणीसुद्धा नव्हतं. दोन्ही मुठींत दोर ताणून त्या दुपार टळेपर्यंत बसून राहिल्या. वाखाने तळवे सोलले तरी टोक सोडलं नाही. जान्याने दोन्ही गळे नवे केले. मग त्याच तुळईला मला टांगलं आणि बदामबाई स्वतः मुलाला म्हणाल्या, "झोप आत. हल. कूस बदल. मी बघते."

तो झोपला, हलला, कूस बदलली. मी त्याला धरून ठेवलं.

"आता जा," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तो गेला.

बेटावर चार रात्री मी त्याला डोहावर तोलून धरलं. खाली काळं पाणी होतं आणि त्यात लाकडाच्या ओंडक्यासारखं काहीतरी संध्याकाळी येऊन थांबायचं आणि पहाटेपर्यंत हलायचं नाही. पहिल्या रात्री जवरीलालला झोप नव्हती आणि मला तर नव्हतीच. त्याने कूस बदलली की गळा करकरायचा आणि तो हात लांबवून गळा चाचपायचा. उजाडलं की मात्र जांभळांवर इतकी पाखरं यायची की पोरगा आनंदाने हसत सुटायचा. त्याला तसं हसताना मी दुकानात कधी पाहिलं नव्हतं. तो अकराव्या दिवशी घरी आला, धडधाकट.

बदामबाई दारातच होत्या. त्याला पाणी दिलं, मग तट्टूवरून मला उतरवून घेतलं आणि बसून माझा एकेक दोर बघायला लागल्या. डाव्या गळ्यापाशी आल्या आणि त्यांचा हात थांबला. मला तोंडाशी धरून त्या इतक्या रडल्या की मी भिजले.

"पाच महिने रागावले होते रे," त्या म्हणाल्या. "घरातली चिंधीसुद्धा बघत होते. ज्यावर तू झोपणार होतास तेवढीच एक वस्तू बघितली नाही. मुंग्या आल्या नसत्या तर?"

जवरीलालने माझं दुसरं टोक उचलून हातात धरलं.

पुढे मी पुष्कळ कामं केली. जवरीलालच्या दोन्ही मुली माझ्यात निजून मोठ्या झाल्या. पाय मोडलेल्या एका हमालाला मला बांबूला बांधून माझ्यातूनच दवाखान्यात नेलं. गेल्या काही वर्षांत मात्र खुंटीवरच असते, धूळ खाते, कोणी जाळं म्हणतं. त्याचं दुःख आहे, पण फार नाही. खुंटीवरच्या झोळीतून कोणी पडत नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. घरातलं माणूस तुम्हाला न आवडणाऱ्या वाटेला निघालं, तर रागवा. खुशाल रागवा, अबोला धरा, भिंतीकडे तोंड करून बसा. पण ते निघण्याआधी एकदा उठा, त्याची दोरी हातात घ्या, आणि जिथे नजर पोचत नाही तिथला वेढा नखाने सोडवून बघा. धड निघाली तर बांधून द्या, आणि मग हवं तर पुन्हा रागावून बसा.